भूभूलाही झोप येते

"जेवतेस, का भूभूला देऊ?"

"झोप बरं लवकर, नाहीतर बाहेरचा भूभू येईल हं!"

मैत्रिणींनो, लहान लेकरू आहे आणि यातलं एकही वाक्य दिवसातून एकदा तरी म्हटलं जात नाही, असं घर मला दाखवाच. आमच्या चितेगावात तरी ते सापडायचं नाही. माझ्या आईनं मला असंच झोपवलं, तिच्या आईनं तिला. कुणी शिकवावं लागत नाही, आपोआप तोंडात येतं.

गंमत बघा, जेवताना आपण केवढ्या उदार असतो! एक घास काऊचा, एक चिऊचा, एक मनीमाऊचा. सगळी पाखरं-जनावरं ताटाभोवती पाहुणी म्हणून येतात. आणि रात्र झाली की आपल्याच दारातलं कुत्रं एकदम पोलीस होतं. दिवसभर ते ओट्याखाली पडलेलं असतं, आपल्याच शिळ्या भाकरीवर जगतं, लेकरू त्याच्याकडे बघून टाळ्या पिटतं. दिवा मालवला की तेच कुत्रं 'येणारं' होतं. बिचाऱ्या लेकरानं त्यातलं खरं कुठलं धरायचं?

हे सगळं डोक्यात यायला कारण झालं एक पुस्तक. माझी नात तेव्हा अडीच वर्षांची होती. शहरात गेले होते, औरंगपुऱ्यातल्या एका दुकानात शिरले आणि तिच्यासाठी कुत्र्याच्या पिल्लांचं एक चित्रांचं पुस्तक घेऊन आले. नाव सांगत नाही, कारण मला एका पुस्तकाची जाहिरात करायची नाही. अशी पुस्तकं पुष्कळ आहेत. पानं वीस-बावीस. एका पानावर एखादी ओळ, बाकी सगळं चित्र. संध्याकाळ होते, पिल्लं खेळतात, एकमेकांचे कान ओढतात, एक चप्पल चावतं, मग दमतात, आई शोधतात, दूध पितात आणि एकमेकांच्या अंगावर पडून झोपतात. संपलं.

सूनबाईंनी चाळलं आणि म्हणाल्या, "आई, यात गोष्ट कुठंय? काहीच तर होत नाही."

मी म्हटलं, अगं, तीच तर त्याची खुबी आहे! झोपायच्या वेळच्या पुस्तकात काही व्हायचंच नसतं. दिवसा वाचायच्या गोष्टीत राक्षस येऊ दे, मगर येऊ दे, युद्ध होऊ दे. झोपायच्या पुस्तकात मात्र सगळं हळूहळू शांत होत गेलं पाहिजे. पहिल्या पानावर पाच पिल्लांचा दंगा, मधल्या पानावर तिघांचा, मग एकच जागं, आणि शेवटी तेही पेंगलेलं. वाचणाऱ्या आईचा आवाजही आपोआप खाली येतो. लेकराचा श्वास त्या आवाजामागून जातो. आपल्या अंगाईगीतांत तरी दुसरं काय होतं? तीच चाल, तेच शब्द, पुन्हा पुन्हा, दर वेळी थोडं हळू.

आणि पिल्लूच का? कारण पिल्लू हे अगदी तान्ह्या बाळासारखंच असतं. जन्मतं तेव्हा त्याचे डोळे मिटलेले, कानही बंद. साधारण दोन आठवड्यांनी डोळे उघडतात, तिसऱ्या आठवड्यात ते लटपटत चालायला लागतं. सुरुवातीला त्याला स्वतःच्या अंगात ऊब धरून ठेवता येत नाही, म्हणून सगळी भावंडं आईच्या पोटाशी एकावर एक पडलेली असतात. दिवसाचा बहुतेक वेळ झोपेत जातो. झोपेत पाय हलतात, ओठ दूध प्यायल्यासारखे होतात. ज्या लेकराच्या घरात नुकतंच धाकटं भावंडं आलंय, त्याला हे चित्र दाखवून बघा. काही समजावून सांगावं लागत नाही.

माझी नात तिसऱ्या-चौथ्या रात्री आपणहून म्हणाली, "भूभूला झोप आली." ज्याच्या नावानं तिला झोपवायचं होतं, तोच तिच्या आधी झोपला होता! त्यानंतर आमच्या घरात 'भूभू येईल' हे वाक्य चालेनासं झालं. कुणी म्हटलंच तर ती सांगते, "नाही येत. तो झोपलाय."

आता तुम्ही म्हणाल, पुस्तक कशाला, मोबाइलवर लावून दिलं की पोरगं गप्प पडतं. पडतं खरं. आमच्या चितेगावाला तर पडद्याचं कौतुक सांगायलाच नको. व्हिडिओकॉनचा कारखाना आमच्या गावाचा. कंपनीच्या पत्त्यातच औरंगाबाद-पैठण रस्ता, चौदावा किलोमीटर, असं असायचं. देशभर घराघरांत टीव्ही गेले, त्यात आमच्या गावच्या माणसांच्या हातचे किती असतील कोण जाणे! २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, ते दिवस गेले. पण टीव्ही निदान भिंतीजवळ होता, घरातली सगळी माणसं त्याच्यापुढं बसायची. मोबाइल गोधडीच्या आत येतो. आणि त्याच्यातलं चित्र थांबत नाही. एक संपलं की दुसरं, त्याच्यापेक्षा जोरात, जास्त रंगीत. लेकरू गप्प होतं, पण ते झोपेकडे जात नसतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली स्पष्टच सांगितलंय, की एक वर्षापर्यंतच्या बाळाला पडदा अजिबात नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून तासाभराच्या वर नको. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी दहा ते तेरा तास झोप हवी, हेही त्यातच आहे.

एक मात्र कबूल. कंपनीत नवऱ्याची रात्रपाळी, घरात एकच खोली, सासूबाईंचा खोकला, सकाळी सहाला नळाला पाणी येणार, अशा घरात 'रोज अर्धा तास मुलाला वाचून दाखवा' असं सांगणारीचा राग येतो. मलाही येतो. म्हणून मी अर्धा तास म्हणतच नाही. वीस पानांच्या पुस्तकाला सात-आठ मिनिटं लागतात. तेवढी पुरतात.

परदेशात हा प्रकार कसा रुजला त्याची गोष्ट मोठी छान आहे. अमेरिकेत १९४२ साली, ऐन महायुद्धात, 'लिटल गोल्डन बुक्स' नावाची बारा पुस्तकं एकदम निघाली. किंमत प्रत्येकी पंचवीस सेंट. त्याआधी मुलांची रंगीत पुस्तकं दोन-दोन, तीन-तीन डॉलरना मिळायची, म्हणजे साध्या घराच्या आवाक्याबाहेर. ही नवी पुस्तकं केवळ पुस्तकांच्या दुकानात नाही, तर जिथं आई रोजची खरेदी करायला जाते तिथंही ठेवली गेली. त्या बारांतलं एक होतं 'द पोकी लिटल पपी'. पोकी म्हणजे रेंगाळणारं, मागं मागं राहणारं. जॅनेट सेब्रिंग लोरी या बाईंनी ते लिहिलं, चित्रं गुस्ताफ टेंगग्रेन यांची. पुढं साठ वर्षांनी विक्रीचा हिशेब मांडला, तेव्हा अमेरिकेत इंग्रजीतल्या पुठ्ठ्याच्या बांधणीच्या बालपुस्तकांत सगळ्यात जास्त खपलेलं पुस्तक हेच निघालं. दीड कोटीच्या आसपास प्रती! राजाराणीचं नाही, परीचं नाही, एका रेंगाळ्या पिल्लाचं.

त्यातली गोष्ट अशी, की पाच पिल्लं कुंपणाखाली भोक पाडून फिरायला पळतात. घरी आल्यावर आई रागावते आणि जेवणानंतरचं गोड न देता झोपायला पाठवते. रेंगाळणारं पिल्लू मात्र सगळी झोपल्यावर पोहोचतं आणि तांदळाची खीर एकटंच चाटूनपुसून खातं! शेवटी एकदा बाकीची चौघं शहाणी होतात, भोक बुजवतात, त्यांना गोड मिळतं, आणि पोकीला उपाशी झोपावं लागतं. मुलांना ही खीर फार आवडते. मला स्वतःला या पुस्तकातली एक गोष्ट खटकते. त्यात झोपणं ही शिक्षा आहे. चुकलास, जा, झोप. आपणही तेच करतो की नाही? दिवसभराच्या खोड्यांचा हिशेब रात्री अंथरुणावर चुकता करतो, आणि मग म्हणतो, हे पोरगं झोपायचं नाव काढत नाही.

त्यापेक्षा मला रशियन लेखक-चित्रकार व्लादिमीर सुतेयेव यांचं पिल्लू जवळचं वाटतं. ते चटईवर झोपलेलं असतं आणि झोपेतच त्याला 'म्याऊ' ऐकू येतं. कोण म्हणालं ते शोधायला ते निघतं. कोंबड्याला विचारतं, उंदराला विचारतं, मोठ्या कुत्र्याची गुरगुर ऐकून पळतं, मधमाशी त्याच्या नाकावर डसते, तळ्यात भिजतं, आणि सुजलेलं नाक घेऊन पुन्हा आपल्या चटईवर येऊन पडतं. मांजर घरातच असतं! इथं कुणी कुणाला शिक्षा करत नाही. बाहेरचं जग थोडं चावतं, पण चटई आपल्या जागेवर असते.

चावण्यावरून आता खऱ्या मुद्द्याकडे येते. पुस्तकातली पिल्लं चावत नाहीत, गल्लीतली चावतात.

दिवाळीनंतर थंडी पडली की आपल्याकडं गल्लोगल्ली कुत्र्या व्यालेल्या दिसतात. बांधकामाच्या वाळूच्या ढिगात, पाण्याच्या टाकीमागं, कडब्याच्या गंजीखाली पाच-सहा गोळे पडलेले असतात आणि गल्लीतली पोरं त्यांच्याभोवती. कुणी दूध आणतं, कुणी शेपूट धरतं, कुणी उचलून घरी नेतं. मागच्याच्या मागच्या थंडीत आमच्याही गल्लीत हेच चाललं होतं. एका संध्याकाळी मी नातीला तेच पुस्तक दाखवत बसले होते आणि शेजारचा चार वर्षांचा मुलगा येऊन टेकला. चप्पल चावणाऱ्या पिल्लाचं पान आलं. त्यानं स्वेटरच्या बाहीत हात आत ओढून घेतला आणि म्हणाला, "हे चावतं."

"कुणाला रे?"

बराच वेळ काही नाही. मग हळूच, "मम्मीला नको सांगू."

बाही वर केली तर मनगटाच्या वर दोन खपल्या धरलेले दातांचे वण. विचारत विचारत गेले, तेव्हा कळलं की चार दिवस झाले होते. चार दिवस त्या लेकरानं अंघोळीला टंगळमंगळ केली, बाही खाली ठेवली आणि कुणाला काही सांगितलं नाही. त्याची आई काही वाईट नव्हे. जीव टाकते पोरावर. पण तिनं बजावून ठेवलं होतं, पिल्लांना हात लावलास तर तंगडं मोडीन. आणि जोडीला आपलं नेहमीचं, भूभू धरून नेईल. पोरानं दोन्ही गोष्टी खऱ्या मानल्या. चार वर्षांचं लेकरू दुसरं काय करणार?

आई धावत आली ती हात उगारूनच. मी म्हटलं, "बाई, आधी त्याचा हात धू, मग काय ते कर." साबणानं हात धुतला, आणि त्याच संध्याकाळी रिक्षा करून सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टरांनी उशीर झाला म्हणून परत पाठवलं नाही, लस सुरू केली. सगळे डोस पुरे झाले. पोरगं आज अंगणवाडीभर हुंदडतंय.

पण मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. चार दिवसांऐवजी चाळीस दिवस त्यानं सांगितलं नसतं तर? कारण रेबीज हा असा रोग आहे, की त्याची लक्षणं दिसायला लागल्यावर डॉक्टरांच्या हातात जवळजवळ काही उरत नाही. आणि त्याच्या आधी नीट उपचार झाले तर तो टळतो. मधला सगळा खेळ वेळेचा, आणि वेळ कुणाच्या हातात? त्या लेकराच्या. त्यानं सांगितलं तर आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की रेबीजची शंका असलेली जनावरं ज्यांना चावतात, त्यांत दहांतले चार जण पंधरा वर्षांखालचे असतात. जगात रेबीजनं जेवढी माणसं जातात त्यांतली एक तृतीयांशाहून जास्त आपल्या देशात. कुत्र्यांचं काय करायचं यावर कोर्टकचेऱ्या चालूच आहेत, २०२५ साली तर सर्वोच्च न्यायालयानं त्यावर एकामागून एक आदेश दिले. नसबंदी, लसीकरण ही कामं नगरपालिकांनी, ग्रामपंचायतींनी करायचीच आहेत, त्यासाठी भांडायलाही हवं. पण बाहीखालची खपली कोर्टाला दिसत नाही, ती आईलाच दिसते.

म्हणून थोडं स्पष्ट सांगून टाकते. पिल्लू आहे, त्याला कसला रोग, असं म्हणू नका, पिल्लालाही रेबीज असू शकतो. चावलं, किंवा नख लागून रक्त आलं, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटं, नुसती ओली करून नाही. हळद, चुना, तिखट, तेल, काही काही लावायचं नाही. त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. जखम खोल असली, तर लशीबरोबर जखमेत द्यायचं सीरमही लागतं, ते डॉक्टर ठरवतात. दिलेल्या तारखांचे सगळे डोस घ्यायचे, दोन घेऊन 'बरं वाटतंय' म्हणून सोडायचे नाहीत. आणि उशीर झाला असला तरी जायचंच. पोटातली चौदा इंजेक्शनं हा बाऊ आता गाडून टाका. ती जुनी लस आपल्या देशात २००५ पासून बंद आहे, आता सुई दंडात बसते.

ही लस माणसाला पहिल्यांदा टोचली गेली ती १८८५ च्या जुलैत, पॅरिसमध्ये लुई पाश्चरकडे, जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला. कुत्रा चावल्यावर दोनच दिवसांत त्याची आई त्याला अल्सास प्रांतातून घेऊन तिथं पोहोचली होती. पाश्चरचं नाव शाळेच्या पुस्तकात आहे, त्या माउलीचं नाही.

लेकरानं सांगावं कसं आणि आईनं ऐकावं कसं, याची एक गोष्ट आपल्या महाभारताच्या अगदी तोंडाशीच आहे. युद्ध, द्यूत वगैरे सगळं पुढं. आदिपर्वात आधी भेटतं ते एक कुत्र्याचं पिल्लू! कुरुक्षेत्रावर जनमेजय राजाचा यज्ञ चाललेला. देवांची कुत्री सरमा, तिचं पिल्लू हुंदडत तिथं गेलं. राजाच्या तिघा भावांनी त्याला बदडलं. ते मोठमोठ्यानं रडत थेट आईकडे गेलं. आता आईनं काय विचारलं ते ऐका. आधी विचारलं, का रडतोस, तुला कुणी मारलं? ते कळल्यावर मग म्हणाली, तुझंही काही चुकलं असेल. पिल्लू म्हणालं, मी काहीच केलं नाही, यज्ञातल्या वस्तूंकडे पाहिलंसुद्धा नाही, चाटणं तर दूरच. मग मात्र ती उठली आणि भर यज्ञात जाऊन राजाला जाब विचारला. कुणाला उत्तर देता येईना. तिनं शाप दिला, ध्यानीमनी नसताना तुझ्यावर भय येईल, आणि राजा हादरला. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या सुरुवातीला मार खाऊन रडणारं पिल्लू आणि शेवटी धर्मराजाबरोबर चालत गेलेलं कुत्रं. मधल्या अठरा पर्वांबद्दल आपण पुष्कळ कीर्तनं ऐकतो, या दोघांबद्दल कमी.

मला त्यातला क्रम फार आवडतो. आधी 'कुणी मारलं', मग 'तू काय केलंस'. आपल्याकडं आधी पाठीत धपाटा असतो, मग चौकशी.

झोपायच्या वेळचं पुस्तक इथं उपयोगी पडतं. दिवसभर आपण लेकराशी बोलतो ते सगळं हुकूम असतात. ऊठ, खा, धू, ठेव, सोड. रात्रीच्या त्या सात-आठ मिनिटांत मात्र दोघांची नजर एकाच चित्रावर असते, कुणी कुणाकडे रोखून बघत नाही, आणि लेकराच्या तोंडून काय काय बाहेर पडतं! कुणी डबा सांडला, बाई का रागावल्या, गल्लीतल्या दादानं काय म्हटलं. पिल्लाचं पान हे निमित्त. आणि त्याच पानावर सावधगिरीही सांगता येते, धाक न घालता. "बघ, पिल्लं दूध पितायत. आता त्यांच्याजवळ गेलं तर त्यांच्या आईला काय वाटेल?" "झोपलंय, त्याला हलवायचं का?" "मोठं कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही. झाडासारखं उभं राहायचं, हात पोटाशी, त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही." माझी नात आता अंगणात झाड होऊन दाखवते. आणि शेवटी, दर वेळी न चुकता, "कुठं लागलं, चावलं, तर पहिलं आईला सांगायचं. आई रागावणार नाही." हे म्हणायचं, तर मग खरंच रागवायचं नाही, बरं का. ते फार अवघड आहे.

काही जणी मला म्हणतात, "काकू, आम्हाला कुठं धड वाचता येतं?" अहो, या पुस्तकांत वाचायचं असतंच किती! चित्र सांगायचं. आमच्या गल्लीतल्या एक आजी पाटी-पेन्सिलीच्या वाटेलाही कधी गेल्या नाहीत. त्याच पुस्तकावरून त्या रोज वेगळी गोष्ट सांगतात. कधी पिल्लाची आई बाजाराला गेलेली असते, कधी माहेरी. नात मात्र मधेच थांबवते, "काल तर तू म्हणालीस ती भाकरी आणायला गेली!" मग आजी कबूल होतात आणि कुत्रीला भाकरीला पाठवतात.

पुस्तकं कुठं मिळतात, हाही प्रश्न खराच आहे. आपल्या गावच्या दुकानात अंकलिपी मिळते, तक्ते मिळतात, गाइडं तर ढिगानं. चित्रांची पुस्तकं मागितली की दुकानदार रंगवायची वही पुढं करतो. पण शहरात गेलात तर ज्योत्स्ना प्रकाशनाची पुस्तकं विचारा. माधुरी पुरंदरे यांनी मराठी लेकरांसाठी जे काम केलंय त्याला तोड नाही. 'राधाचं घर', 'यश', 'बाबाच्या मिशा', शब्दही त्यांचे आणि चित्रंही त्यांचीच. त्यातली घरं आपल्यासारखी, आई-बाबा आपल्यासारखे. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. नॅशनल बुक ट्रस्टची, प्रथम बुक्सची पुस्तकंही स्वस्त असतात. एका महिन्याच्या मोबाइल रिचार्जच्या पैशात दोन-तीन येतील. प्रथम बुक्सनं २०१५ पासून 'स्टोरीवीव्हर'वर मराठीतल्याही पुष्कळ गोष्टी फुकट ठेवल्यात. दुपारी तुम्ही स्वतः मोबाइलवर वाचून ठेवा, रात्री मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून तोंडी सांगा. (दुसरी खोली नसेल तर फळीवर, उंच.)

माझी एक तक्रार मात्र राहतेच. दुकानात मिळणाऱ्या पिल्लांच्या बहुतेक पुस्तकांत पिल्लू गुबगुबीत, गळ्यात लाल पट्टा, झोपायला मऊ टोपली, बाजूला शेकोटी. आमच्या वाळूच्या ढिगातलं, एक कान दुमडलेलं, बरगड्या दिसणारं तपकिरी पिल्लू कुणी काढतच नाही. किती चित्रं पडलीत हो आमच्या या पैठण रस्त्यावर! नाथषष्ठीला दिंड्या जातात तेव्हा त्यांच्यामागं चालत निघालेलं एखादं कुत्रं. रात्रपाळीच्या कंपनी बसचे दिवे भिंतीवरून सरकतात आणि पिल्लं डोळे किलकिले करून पुन्हा मिटतात. वेचून आणलेल्या कापसाच्या ढिगात घुसून झोपलेली दोघं, आणि त्यांना हुसकावायला आलेली पण न हुसकावता परत फिरलेली म्हातारी. नरसीच्या नामदेवांची भाकरी पळवणारं कुत्रं, आणि त्याच्यामागं तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव, हे तर आपल्या मराठवाड्याचंच चित्र. कुणी चित्रकार मुलगी हे वाचत असेल, तर तिनं मनावर घ्यावं.

संक्रांतीला आपण हळदीकुंकवाला वाण लुटतो. प्लॅस्टिकचे डबे, गाळण्या, साबणाच्या पेट्या, दर वर्षी त्याच. माझ्या कपाटात तशा सात गाळण्या आहेत. बोरन्हाणाला बोरं, हरभरे, उसाचे करवे आणि आता चॉकलेटं. आम्ही गल्लीतल्या पाच-सहा जणींनी गेल्या संक्रांतीला ठरवलं, की बोरन्हाणाला येणाऱ्या प्रत्येक लेकराच्या हातात एकेक छोटं चित्रांचं पुस्तक द्यायचं, आणि दोन महिन्यांनी आपापसांत बदलून घ्यायची. एकीनं लगेच शंका काढली, "काकू, पोरं दोन दिवसांत फाडतील हो!"

फाडतीलच. आमच्याही पुस्तकातलं दूध पिणाऱ्या पिल्लांचं पान मधोमध फाटलंय. मी सेलोटेप लावली, पण नीट जुळलं नाही, कुत्रीचा एक कान जरा वर सरकलाय. नात रोज त्या कानावर बोट ठेवते आणि विचारते, "हिला लागलं का?"